मेंढरं बघायचं तिकीट

आधी एक हिशेब. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, एका मेंढीची लोकर कातरायला जी मजुरी जाते ती लोकर विकून बऱ्याचदा भरून निघत नाही. तरी कातरावं लागतंच. नाही कातरलं तर उन्हाळ्यात दाट लोकरीत माश्या अंडी घालतात, अळ्या पडतात आणि जनावर जिवंतपणी कुरतडलं जातं. म्हणजे लोकर विकायची म्हणून नाही, तर मेंढी वाचवायची म्हणून पदरचे पैसे घालून लोकर कातरायची. पण तीच मेंढी, तोच कातरणारा, तेच यंत्र, आणि समोर आठ माणसं तिकीट काढून उभी असली, की हिशेब उलटतो. लोकरीला भाव नाही. लोकर कातरताना बघायला आहे.

हे मला त्या शेतावरच्या बाईंनीच सांगितलं. मी लीड्समध्ये नोकरी करतो. गेल्या जुलैत एका शनिवारी ‘छोट्या ग्रुपची ग्रामीण सहल’ अशा नावाखाली एक मिनीबस बुक केली होती. जास्तीत जास्त आठ जण, सकाळी विंडरमियरहून निघायचं, एका मेंढपाळाच्या शेतावर दिवस काढायचा, संध्याकाळी परत. माणशी साठेक पौंड. बाईंनी पैशाची गोष्ट रडगाणं म्हणून सांगितली नाही. एका हातानं मेंढीचा पाय धरून, दुसऱ्या हातानं आम्हाला लोकरीचा पोत दाखवत, हवापाण्याबद्दल बोलावं तशी सांगितली. मग म्हणाल्या, “यंदा तुम्ही लोक माझ्या लोकरीपेक्षा जास्त पिकलात.” आम्ही सगळे हसलो.

तेव्हापासून एक प्रश्न मागे लागलाय. एखाद्याचं काम करून पोट भरत नाही आणि ते काम दाखवून भरतं, अशा वेळी आपण तिकीट काढून नक्की काय विकत घेतो? आणि बघून झाल्यावर आपण काही देणं लागतो, की साठ पौंडांत सगळं फिटलं?

पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: हे सगळं नाटक आहे. खरी शेती मेली, उरलाय तो शो. इन्स्टावर अशा सहलींचे रील बघून आपण हेच म्हणतो. गवतावर लोळणारं कोकरू, दगडी भिंत, मागे डोंगर, वर गिटार. पण त्या दिवशी जे पाहिलं त्यातलं फार थोडं नाटकात बसत होतं.

तिथल्या मेंढीची जात हर्डविक. कोकरू जन्मतं तेव्हा काळं असतं. मग वर्षावर्षानं लोकर करडी होत जाते आणि तोंड पांढरं. पाऊस, बर्फ, वारा, सगळ्यात ही मेंढी उघड्या डोंगरावर राहते. गंमत अशी, की वरच्या डोंगराला कुंपण नाही. तो सामाईक चराईचा भाग. त्यावर अनेक शेतकऱ्यांचे हक्क असतात आणि प्रत्येकाचा कळप आपापल्या पट्ट्यातच चरतो. कोण अडवतं? कुणीच नाही. मेंढी स्वतःहून थांबते. आईबरोबर डोंगरावर गेलेलं कोकरू पहिल्याच उन्हाळ्यात आपली हद्द शिकतं: पाणी कुठे, वारा सुटल्यावर आडोसा कुठे, कुठल्या ओढ्यापलीकडे जायचं नाही. पुढे ते आपल्या कोकराला शिकवतं. या मुरलेल्या ओळखीला तिथे ‘हेफ्ट’ म्हणतात. ही ओळख इतकी जमिनीला चिकटलेली असते, की कूळ बदललं तरी अनेक शेतांवर कळप तिथेच राहतो. माणूस जातो, मेंढ्या राहतात.

2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. ती आवरायला 60 लाखांहून जास्त जनावरं मारली गेली आणि सर्वांत मोठा फटका याच कंब्रिया परगण्याला बसला. बाजारातून नवी मेंढरं आणता येतात, पण ओढ्यापलीकडे जायचं नाही हे माहीत असलेली मेंढरं बाजारात मिळत नाहीत. एक कळप संपला की पिढ्यान्‌पिढ्या आईकडून लेकराला मिळालेला डोंगराचा नकाशा संपतो. बाई त्या वर्षाबद्दल फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की त्या वसंतात दरीत कोकरांचा आवाज नव्हता.

हे नाटक नाही. आमच्यासमोर कातरलेली मेंढी आम्ही नसतो तरी त्याच आठवड्यात कातरली गेली असती. आमच्यातल्या एका कोरियन विद्यार्थिनीनं विचारलं, “या कोकरांचं पुढे काय होतं?” बाईंनी सरळ सांगितलं: माद्या बहुतेक राहतात, नर बहुतेक शरद ऋतूत विकले जातात, खाण्यासाठी. मुलीनं हातातलं कोकरू खाली ठेवलं, मग थोड्या वेळानं पुन्हा उचललं. नाटक असतं तर हा प्रश्न टाळला गेला असता.

तेव्हा ‘सगळं खोटं आहे’ हे उत्तर मला पटत नाही. ते आळशी उत्तर आहे. ते दिलं की बघणारा सुटतो. अडचण जर असली तर ती बघणाऱ्याच्या बाजूला असावी.

बघणाऱ्याची गोष्ट तिथे जुनी आहे. वर्ड्‌स्वर्थ या कवीनं याच भागाबद्दल प्रवाशांसाठी मार्गदर्शक लिहिलं. त्याचं पहिलं रूप 1810 मधलं. तोच वर्ड्‌स्वर्थ 1844 मध्ये केंडलहून विंडरमियरपर्यंत रेल्वे आणायचं ठरलं तेव्हा वर्तमानपत्रात पत्रं लिहून विरोध करत होता. गिरण्यांच्या गावांतून गाड्या भरून येणाऱ्या कामकरी माणसांना हे डोंगर बघून काही मिळणार नाही, त्यासाठी नजर हळूहळू तयार व्हावी लागते, असा त्याचा युक्तिवाद. रेल्वे 1847 मध्ये आलीच. आज वाचताना त्यातला तोरा डोळ्यात भरतो: मी बघितलं तर ती रसिकता, तू बघितलंस तर गर्दी. पण त्या तोऱ्याखाली एक खरी गोष्ट दबलेली आहे. बघणं आपोआप येत नाही, ते शिकावं लागतं. फक्त कुणाला शिकता येईल याबद्दल त्याचा अंदाज चुकला.

आता त्या दिवसातला एक प्रसंग सांगायला हवा, कारण माझा प्रश्न खरा तिथून सुरू होतो.

शेतापासून अर्ध्या मैलावर आमची मिनीबस थांबली. दोन्हीकडे दगडी भिंती, मध्ये एका गाडीपुरता रस्ता आणि समोरून मेंढरंच मेंढरं. कातरणीसाठी कळप डोंगरावरून खाली आणत होते. मागे दोन बॉर्डर कोली कुत्रे, त्यांच्या मागे एक पोरगा. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बारा मिनिटं आम्ही जागचे हललो नाही. आणि ती बारा मिनिटं त्या दिवसातली सगळ्यात आनंदाची होती. काचा खाली झाल्या, फोन बाहेर आले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आमच्यात पुण्याचे एक काका-काकू होते, मँचेस्टरला मुलीकडे आलेले. काकांनी खाली उतरून व्हिडिओ काढला आणि तिथूनच फॅमिली ग्रुपवर टाकला.

काका चांगले रसिक. शेतावर सर्वांत नेमके प्रश्न त्यांनीच विचारले. तिथले जुने मेंढपाळ मेंढ्या मोजायचे ते वेगळ्याच आकड्यांनी: यान, तान, तेथेरा, मेथेरा, पिंप. विसापर्यंत मोजायचं, एक खडा बाजूला टाकायचा, पुन्हा पहिल्यापासून. हे ऐकून काका लगेच म्हणाले, “म्हणजे आपली कोडी! आमची आजी आंबे असेच मोजायची.” मलाही तो धागा आवडला.

परतीच्या वाटेवर काकू म्हणाल्या, “किती शांत वाटलं रे आज.” काका म्हणाले, “नाहीतर आपल्याकडे. मागच्या दिवाळीत ताम्हिणी घाटात पाऊण तास अडकलो. पुढे मेंढरंच मेंढरं. हॉर्न वाजवून वाजवून हात दुखला.” काकूंनी जोड दिली, “आणि ती बाई काही हलायला तयार नाही. घोड्याच्या मागे आपली निवांत चाललेली.”

दोघंही मजेत बोलत होते. दोन प्रसंगांत काही साम्य आहे असं त्यांच्या मनात आलं नाही, आणि मी ते दाखवायलाही गेलो नाही. दिवसभराच्या सोबतीत कुणाला कोंडीत पकडणं हा काही विचार नव्हे. शिवाय हा काकांचा एकट्याचा स्वभाव नाही. रस्ता अडवणाऱ्या मेंढरांचे आपल्याकडे दोन प्रकारचे व्हिडिओ फिरतात, एक परदेशातला आणि एक देशातला. त्यांच्याखालच्या कॉमेंट एकदा शेजारी ठेवून वाचा.

असं का होतं? मी तीन कारणं तपासून पाहिली.

पहिलं कारण वेळ. सहलीत संथपणा हाच आपण विकत घेतलेला माल असतो, त्यामुळे बारा मिनिटं बोनस वाटतात. घाटात आपल्याला पोहोचायचं असतं, तिथे तीच मिनिटं चोरीला गेल्यासारखी वाटतात. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. ताम्हिणीत दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढणारा माणूसही बहुधा सहलीलाच निघालेला असतो.

दुसरं कारण कागद. लेक डिस्ट्रिक्टला युनेस्कोनं 2017 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि त्यात डोंगरातल्या मेंढपाळीला मोठं स्थान आहे. त्याआधी ‘पीटर रॅबिट’ लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटरनं मरताना, 1943 मध्ये, आपली शेतं नॅशनल ट्रस्टला दिली. चार हजार एकरांहून जास्त जमीन. आणि तिथे हर्डविक कळप राहिले पाहिजेत अशी तिची इच्छा. म्हणजे त्या मेंढीच्या मागे एक लेखिका, एक संस्था आणि एक आंतरराष्ट्रीय शिक्का उभा आहे. तिला अडथळा म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

मग धनगरांच्या मागे काय उभं आहे? खरं तर खूप काही. पुणे, सातारा, नगर या जिल्ह्यांच्या कोरड्या तालुक्यांतले वाडे दिवाळीच्या सुमाराला घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी परत चढतात. भात कापून झालेल्या खाचरात शेतकरी रात्री मेंढरं बसवून घेतो. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मेंढरांना चारा, जमिनीला खत, दोघांचं भागतं. खंडोबाची दुसरी बायको बाणाई ही धनगराची. बिरोबाच्या ओव्या रात्र रात्र चालतात. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक या सगळ्याचा माग काढत अनेक वर्षं महाराष्ट्रात हिंडले. वारसा म्हणावा असं आपल्याकडे कमी नाही. पण हे सगळं आपण देवघरात आणि पुस्तकात ठेवतो. घाटात समोर येते ती बाई आणि तिचं घोडं, आणि त्यावर शिक्का नसतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिकीट लावायला फाटक लागतं. इंग्लंडमधल्या त्या बाईंना दगडी घर आहे, अंगण आहे, गाडी वळवायला जागा आहे, पाहुण्यांसाठी चहा आणि संडास आहे. त्या स्वतःचं काम दाखवून पैसे मिळवू शकतात, कारण त्यांचं काम एका जागी आहे. धनगराचा वाडा आज इथे, उद्या पुढच्या शिवारात. फाटक नाही म्हणून तिकीट नाही. तिकीट नाही म्हणून किंमत नाही. जिथे किंमत लिहिलेली असते तिथे आदरानं उभं राहायची आपल्याला इतकी सवय झालीय, की किंमत लिहिलेली नसली तर समोर काय आहे हेच दिसेनासं होतं. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीचीही तीच गत आहे. घोंगडी वापरणारे कमी झाले, कातरलेली लोकर घ्यायला कुणी येत नाही. तोटा दोन्हीकडे सारखा आहे; पण एकीकडे तो बघायला मिनीबस येते आणि दुसरीकडे हॉर्न.

मग बघणाऱ्याचं देणं कोणतं?

इथे कांट आठवतो. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, असं त्यानं 1785 मध्ये मांडलं. त्यातला ‘निव्वळ’ हा शब्द आपण नेहमी विसरतो. बाजारात आपण एकमेकांना साधन म्हणून वापरतोच. मी त्या बाईंचा शनिवार विकत घेतला, त्यांनी माझे साठ पौंड घेतले. यात वाईट काही नाही. व्यवहार सरळ होता, त्या त्यात मालकीण होत्या. म्हणून ‘सहलीला जाणंच अनैतिक’ असं मी म्हणणार नाही. त्या पैशांवर एक कळप डोंगरावर टिकतो. पण व्यवहारात फिटतो तो त्यांचा वेळ. आपण तिथे जे शिकतो, त्याचं बिल तिकिटात येत नाही.

हे नीट कळलं ते शेतावरच्याच एका पद्धतीमुळे. कुंपण नसलं की एखादी मेंढी कधीतरी भरकटून दुसऱ्याच्या कळपात जाणारच. म्हणून प्रत्येक शेताची खूण ठरलेली असते: कानाला ठरावीक खाच, अंगावर ठरावीक जागी रंगाचा पट्टा. या खुणांची छापील पुस्तकं तिथे दोनशे वर्षांपासून निघतात. वर्षातून ठरलेल्या वेळी मेंढपाळ जमतात आणि भरकटलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत करतात. तोवर तिला आपल्या कळपाबरोबर सांभाळायचं. बाई म्हणाल्या, “खूण वाचता येत नाही त्याला माफ आहे. आपल्याला वाचता येते, म्हणून आपल्याला माफ नाही.”

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या वाक्यात सापडतं. जबाबदारी ओळखण्यातून येते. ज्याला खूण वाचता येत नाही त्याच्यासाठी ती नुसती मेंढी. ज्याला येते त्याच्यासाठी ती कुणाची तरी मेंढी. दिवसभराच्या सहलीनं आपल्याला एक खूण वाचायला शिकवलेली असते. कळप म्हणजे गर्दी नव्हे, त्यात एक नकाशा चाललेला असतो, हे आता आपल्याला ठाऊक असतं. जनावरामागे चालणारा माणूस संथ दिसतो तेव्हा तो रिकामा नसतो, मागे पडलेल्या लंगड्या मेंढीच्या वेगानं चालत असतो, हेही ठाऊक असतं. हे विंडरमियरला ठाऊक असणं आणि ताम्हिणीत नसणं शक्य नाही. एकदा वाचता आलं की सगळीकडे वाचता येतं. नाही वाचलं, तर ते न वाचायचं ठरवलेलं असतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तुम्ही इंग्लंडात बसून धनगरांच्या पायपिटीचं कौतुक करणार; त्या बाईला विचारलंत का, तिला पोरांनी हेच करायला हवंय का? शाळा, दवाखाना, पक्कं घर, नोकरी नकोय का? बरोबर आहे. मला त्यांचं कौतुक व्हायला नकोच आहे. घाटात तिकीटघर उघडून फेट्यातल्या आजोबांबरोबर सेल्फी काढायची सोय करणं हा तर उपायच नव्हे. लेक डिस्ट्रिक्टमधल्या बाईंचा मुलगाही शहरात नोकरी करतो आणि परत येईल असं त्यांना वाटत नाही. कुणी कोणतं काम सोडावं आणि कोणतं धरावं, हे बघणाऱ्यानं ठरवायचं नसतं. पण तो निर्णय होईपर्यंत, आणि झाल्यावरही, आज जो चालतोय त्याला चालायला वाट लागते, पाण्याची जागा लागते, चराई कुठे खुली आणि कुठे बंद याचा सरळ नियम लागतो, पोरांना वर्षभर एका गावात राहता आलं नाही तरी शिकता येईल अशी शाळा लागते. या मागण्या कौतुकापेक्षा कोरड्या आहेत, आणि म्हणूनच जास्त आदराच्या.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. पोस्टर निघतात, फोटोंची प्रदर्शनं लागतात; त्यात करड्या लोकरीची हर्डविकही असेल आणि काळी दख्खनीही. चांगलंच आहे. पण प्रदर्शनातला फोटो आपल्याला अडवत नाही, त्यामुळे तिथे आपली परीक्षा होत नाही. परीक्षा घाटात होते, जिथे आपल्याला उशीर झालेला असतो, मागचा ट्रक हॉर्न देत असतो आणि समोर कुणी गाइड ही मेंढी किती दुर्मीळ आहे ते सांगत नसतो.

तिथे करायचं ते फार थोडं आहे. इंजिन बंद करायचं, मागच्या गाडीला हातानं थांबायची खूण करायची, कळप कडेला लागेपर्यंत वाट बघायची. काच खाली करून “मावशी, कुठवर जायचं?” एवढं विचारलं तर उत्तर मिळतं. त्यात गावांची नावं असतात, अंतरं असतात, यंदा पाणी कुठे आटलंय तेही असतं. दहा-बारा मिनिटं जातात. लेक डिस्ट्रिक्टमध्ये आपण तेवढ्याचेच पैसे मोजलेले असतात.